सुरक्षा अधिकारी व्हायचे आहे? कोर्सच्या आधी कायदा पाहा

काही वर्षांपूर्वी एका वाणिज्य पदवीधर तरुणाची मुलाखत घेण्याचा प्रसंग माझ्यावर आला. त्याच्या फायलीत ‘फायर अँड सेफ्टी’ची एक वर्षाची पदविका, तीन छोट्या अभ्यासक्रमांची रंगीत प्रमाणपत्रे आणि शिरस्त्राण घातलेला एक फोटो होता, आणि या सगळ्यासाठी वडिलांनी कर्ज काढल्याचे त्याने बोलता बोलता सांगितले. आमच्या कारखान्यात कायद्याने नेमावा लागणारा सुरक्षा अधिकारी हवा होता आणि त्या पदासाठी त्याची मूळ पदवीच चालत नव्हती. हे त्याला प्रवेश देणाऱ्या संस्थेने पहिल्या दिवशी सांगायला हवे होते. त्याऐवजी मुलाखतीच्या टेबलावर ते मला सांगावे लागले. मुलगा हुशार होता, प्रश्नांची उत्तरे नीट देत होता, म्हणूनच ते सांगणे मला जड गेले.

या क्षेत्रात नव्याने येऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणता कोर्स करू?’ असा असतो. खरे तर तो शेवटून दुसरा प्रश्न आहे. त्याआधी आपल्याला कोठे काम करायचे आहे, त्या कामाच्या जागेला कोणता कायदा लागू होतो आणि तो कायदा कोणाला सुरक्षा अधिकारी म्हणतो, हे पाहावे लागते. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे आणि ती मुख्यतः महाराष्ट्रात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

पहिली पायरी : कामाची जागा ठरवा

कारखाना, बांधकाम, खाण आणि बंदर या चार ठिकाणची सुरक्षा वरवर सारखी दिसत असली तरी त्यांचे कायदे आतापर्यंत वेगवेगळे राहिले आहेत. कारखान्यांसाठी १९४८चा कारखाने अधिनियम होता. त्यात १९७६ साली कलम ४०ब घालण्यात आले आणि हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत, तसेच राज्य सरकारने धोकादायक ठरवलेल्या प्रक्रियांच्या कारखान्यांत, सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. १९८४च्या डिसेंबरात भोपाळची वायुगळती झाली आणि १९८७च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरणच कायद्यात आले. बांधकामासाठी १९९६चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा होता आणि त्यात ५०० कामगारांची मर्यादा होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि हे आकडे बदलले. संहितेच्या कलम २२ प्रमाणे ५०० कामगारांच्या कारखान्यात, २५० कामगारांच्या धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात, २५० कामगारांच्या बांधकामावर आणि १०० कामगारांच्या खाणीत सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. म्हणजे पूर्वी ज्या मध्यम आकाराच्या कारखान्यांना हे पद कायद्याने सक्तीचे नव्हते, त्यांपैकी अनेकांना ते आता सक्तीचे होते. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. जुन्या कायद्यांखालचे नियम संहितेशी विसंगत नसतील तेथवर आणि नवे नियम त्यांची जागा घेईपर्यंत चालू राहतात; त्यामुळे पात्रतेच्या बाबतीत जुना नियम काय म्हणतो हे समजून घेणे अजूनही अपरिहार्य आहे, आणि प्रवेशाचे पैसे भरण्याआधी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या, म्हणजे बोलीत ज्याला सगळे ‘डिश’ म्हणतात त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर ताजी अधिसूचना पाहून घेणेही तितकेच आवश्यक आहे.

चंद्रपूर किंवा नागपूरच्या कोळसा खाणीत जायचे असेल तर हा लेख येथेच बाजूला ठेवावा. खाणींचे नियमन धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय करते, तेथे खाण अभियांत्रिकीचे शिक्षण आणि त्या महासंचालनालयाची सक्षमता प्रमाणपत्रे लागतात, आणि कारखान्यासाठी केलेली सुरक्षा पदविका तेथे त्यांची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी पायरी : तीन अटी एकत्र बसतात का ते पाहा

महाराष्ट्रातील कारखान्यांसाठी १९८२चे सुरक्षा अधिकारी (कर्तव्ये, पात्रता आणि सेवाशर्ती) नियम आहेत. त्यांचा गाभा असा की मूळ शिक्षण, पर्यवेक्षकीय अनुभव आणि शासनमान्य औद्योगिक सुरक्षा पदविका किंवा पदवी या तिन्ही गोष्टी उमेदवाराकडे असल्या पाहिजेत. मूळ शिक्षण म्हणजे अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानातील पदवी वा पदविका, अथवा भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रातील पदवी. अनुभवाचे गणित शिक्षणावर अवलंबून असते: अभियांत्रिकी पदवीधराला सर्वसाधारणपणे दोन वर्षे, तर अभियांत्रिकी पदविकाधारकाला आणि विज्ञान पदवीधराला पाच वर्षे. याखेरीज कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान हवे, अशीही अट असते. या भाषेच्या अटीकडे उमेदवार औपचारिकता म्हणून पाहतात. परंतु रात्रपाळीच्या माणसाला झडप का उघडायची नाही हे त्याच्या भाषेत समजावता आले नाही, तर बाकीची पात्रता कागदावरच राहते. आज आपल्या एमआयडीसींमध्ये मराठीइतकीच हिंदी आणि ठिकठिकाणी ओडिया, भोजपुरी ऐकू येते, हे मराठी मुलांनीही लक्षात ठेवावे.

या तिन्हींत सर्वांत जास्त अडचण अनुभवाची येते, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. नियमाला हवा असलेला अनुभव हा कारखान्यातील आणि पर्यवेक्षकाच्या नात्याचा असावा लागतो. उत्पादन, देखभाल, युटिलिटी, गुणवत्ता अशा कोणत्याही विभागात तुमच्या हाताखाली माणसे होती आणि त्यांच्या कामाची जबाबदारी तुमच्यावर होती, हे कागदावर दिसले पाहिजे. माझ्या स्वतःच्या बाबतीत पहिल्या कारखान्याने दिलेल्या पत्रात ‘प्रशिक्षणार्थी अभियंता’ एवढेच लिहिले होते. प्रत्यक्षात मी दीड वर्ष बॉयलर विभागाची पाळी सांभाळत होतो, पण पत्रात त्याचा उल्लेख नव्हता आणि नंतर तो दुरुस्त करून द्यायला कोणी तयार नव्हते. ती दीड वर्षे माझ्या हिशेबातून गेली. म्हणून नोकरी सोडताना पत्रात पदनाम, विभाग, नेमक्या तारखा, हाताखालील कामगारांची संख्या आणि ‘पर्यवेक्षकीय जबाबदारी’ हे शब्द आहेत की नाहीत ते तेथल्या तेथे वाचून घ्यावे. दोन वर्षांनी त्या कारखान्याचा व्यवस्थापक बदललेला असतो आणि जुने मस्टर सापडत नाही.

माझे मत असे की ही अनुभवाची अट उमेदवाराला अडवण्यासाठी नाही, तर वाचवण्यासाठी आहे. ज्याने कधी पाळी चालवली नाही, पंप बंद पडल्यावर उत्पादनाचा दबाव काय असतो ते सोसले नाही, त्याचे ‘काम थांबवा’ हे शब्द फोरमन गंभीरपणे घेत नाही. पदविका झाल्या झाल्या थेट सुरक्षा विभागात बसण्याची घाई करू नये. आधी प्रत्यक्ष उत्पादनाच्या ठिकाणी घामाची काही वर्षे काढावीत.

तिसरी पायरी : मान्यताप्राप्त पदविका निवडा

महाराष्ट्रात ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी’, म्हणजे एडीआयएस, ही या पदासाठीची नेहमीची वाट आहे. ती दोन ठिकाणांहून मिळते असे ढोबळपणे म्हणता येईल. एक, मुंबईत सायनला असलेली केंद्रीय कामगार संस्था, जिला उद्योगातली माणसे सीएलआय म्हणतात. ती केंद्र सरकारच्या कामगार मंत्रालयाखाली चालते, आणि तिच्या जोडीला चेन्नई, कोलकाता, कानपूर, फरिदाबाद येथे प्रादेशिक संस्था आहेत. दोन, महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी, म्हणजे एमएसबीटीईशी, संलग्न असलेल्या संस्था. सीएलआयमध्ये औद्योगिक आरोग्याच्या प्रयोगशाळा, यंत्ररक्षकांचे नमुने आणि अनेक वर्षे कारखाने पाहिलेले अधिकारी एका आवारात भेटतात. नोकरीतून सुटी मिळणार असेल किंवा कंपनी पाठवणार असेल तर मी नेहमी तिचेच नाव पुढे करतो. मंडळाशी संलग्न संस्थांचा फायदा असा की त्या मुंबईबाहेरही आहेत आणि नोकरी करणाऱ्यांना सोयीच्या वेळा तेथे मिळू शकतात.

संस्था पाहायला जाल तेव्हा जाहिरातीतले ‘शासनमान्य’ हे शब्द पुरेसे समजू नका. कोणत्या शासनाने, कोणत्या कामासाठी मान्य केले, हे विचारा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असणे, तिला गुणवत्तेचे आयएसओ प्रमाणपत्र असणे किंवा ती कौशल्य विकासाच्या यादीत असणे या गोष्टी खऱ्या असू शकतात, पण त्यांतील एकीनेही तिची पदविका सुरक्षा अधिकाऱ्याच्या नियमासाठी ग्राह्य ठरत नाही. एमएसबीटीईच्या संकेतस्थळावर संलग्न संस्थांची यादी असते. त्यात संस्थेचे नाव आणि नेमका अभ्यासक्रम या दोन्ही गोष्टी सापडल्या पाहिजेत. दुसऱ्या राज्यातील विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदविका घेण्याचा विचार असेल तर डिशच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज करून ती महाराष्ट्रात चालते का हे विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. शंभरातले नव्वद जण हा अर्ज करत नाहीत, आणि नंतर पस्तावतात.

जे या तीन अटींत बसत नाहीत त्यांच्यासाठी

कला किंवा वाणिज्य पदवीधराला, आयटीआय झालेल्याला किंवा बारावी झालेल्याला या क्षेत्राचे दार बंद आहे असे मुळीच नाही. बांधकामावर, शटडाउनच्या, म्हणजे कारखाना बंद ठेवून चालणाऱ्या दुरुस्तीच्या, कामावर आणि ठेकेदारांकडे सेफ्टी सुपरवायझर, सेफ्टी स्टुअर्ड, परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) समन्वयक अशी पदे असतात आणि तेथे कायदेशीर पात्रतेचा आग्रह कमी असतो. मात्र या पदावरून पुढे कायद्याच्या अर्थाने ‘सुरक्षा अधिकारी’ व्हायचे असेल तर मूळ शिक्षणाची अट कधीतरी पूर्ण करावीच लागते. आयटीआय झालेल्या मुलाला अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची सोय महाराष्ट्रात आहे, बारावी विज्ञान झालेल्यालाही आहे. वयाच्या विशीत हे दोन-तीन वर्षांचे अंतर फार वाटते. पण जो फिटर पदविका करून, मग पाळी सांभाळून, मग एडीआयएस करून सुरक्षा विभागात येतो, त्याच्याइतका भक्कम सुरक्षा अधिकारी मला अभियांत्रिकी महाविद्यालयातून थेट आलेल्यांमध्ये क्वचित भेटला आहे. यंत्राच्या कोणत्या कोपऱ्यात बोट अडकते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

अग्निशमनाविषयी एक खुलासा आवश्यक आहे, कारण ‘फायर अँड सेफ्टी’ या जोडनावामुळे बराच गोंधळ होतो. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ पासून या क्षेत्रातले देशातले मानाचे ठिकाण आहे आणि तेथून बाहेर पडलेल्यांना तेलशुद्धीकरण कारखाने, विमानतळ, महानगरपालिका यांच्या अग्निशमन दलांत उत्तम संधी असतात. पण अग्निशमन अधिकारी आणि कारखान्याचा सुरक्षा अधिकारी ही वेगळी पदे आहेत, त्यांच्या पात्रता वेगळ्या आहेत. ज्याला आगीशी लढायचे आहे त्याने नागपूरची वाट धरावी. ज्याला आग लागूच नये यासाठी प्रक्रिया, विद्युत, रसायने आणि माणसे यांवर काम करायचे आहे त्याने एडीआयएसची.

नेबॉश, आयओएसएच आणि आखाताची वाट

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातून आखातात कामाला जाण्याची परंपरा जुनी आहे, आणि तेथे जाणाऱ्या मुलांकडे जाहिरातींतून पहिले नाव येते ते नेबॉशचे. ही १९७९ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेली परीक्षा संस्था आहे. तिचे इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट दोन भागांत असते: एकात सुरक्षा व्यवस्थापनाच्या तत्त्वांची लेखी परीक्षा आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाच्या जागेचे जोखीम मूल्यमापन. आखातातील मोठ्या बांधकाम आणि तेल-वायू प्रकल्पांच्या ठेकेदारांकडे हे प्रमाणपत्र सर्रास मागितले जाते आणि त्याचा अभ्यासक्रम खरोखर चांगला आहे. आयओएसएच या सुरक्षा व्यावसायिकांच्या ब्रिटिश संस्थेचे ‘मॅनेजिंग सेफली’ हे काही दिवसांचे, व्यवस्थापक आणि पर्यवेक्षकांसाठीचे प्रशिक्षण आहे. ते ओळख म्हणून घ्यावे, करिअरचा पाया म्हणून नव्हे. ओशा या अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याच्या ‘ओशा ३० तास’ प्रशिक्षणाबाबत तर त्या खात्याचेच म्हणणे आहे की ते कोणालाही प्रमाणित करत नाही. आपल्याकडे मात्र ते पदवीसारखे विकले जाते.

यातून निष्कर्ष असा निघतो की नेबॉश महाराष्ट्रातील कारखान्यात एडीआयएसची जागा घेऊ शकत नाही, आणि एडीआयएस आखातातील ठेकेदाराला नेबॉशच्या जागी चालेलच असे नाही. दोन्हीकडे दार उघडे ठेवायचे असेल तर आधी एडीआयएस करावे, कारण त्याला अनुभवाची जोड लागते आणि ते उशिरा करणे अवघड होते. नेबॉश कोणत्याही वयात, नोकरी सांभाळून करता येते. उलट ज्याचे काका किंवा मामा दोहा-मस्कतला प्रकल्पावर आहेत आणि जाण्याचे नक्की आहे, त्याने नेबॉश आधी केले तर त्यात काही चूक नाही. फक्त भारतीय जाहिरातीत ‘नेबॉश केले की नोकरी पक्की’ असे लिहिलेले दिसले तर ती जाहिरात मिटवून ठेवावी.

एमबीबीएस झालेल्यांसाठी एक वेगळी वाट आहे. ‘असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ’, म्हणजे एएफआयएच, हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम सीएलआयमध्ये चालतो आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याचा वैद्यकीय अधिकारी होण्यासाठी त्याची गरज पडते. आयएसओ ४५००१ या कामाच्या जागेच्या सुरक्षा व्यवस्थापनाविषयीच्या २०१८च्या मानकाचे लेखापरीक्षक (ऑडिटर) होण्याचे प्रशिक्षण हे पाच-सात वर्षे काम केल्यानंतरचे आहे, नव्याने येणाऱ्याने त्यावर पैसे घालवू नयेत.

अभ्यासक्रम काय शिकवतो, हे पारखायचे कसे

प्रवेश घेण्याआधी संस्थेतील एका तासाला बसू द्या अशी विनंती करा आणि बंदिस्त जागेतील प्रवेश ते कसा शिकवतात ते पाहा. या एका विषयावरून संस्थेची पारख होते. उदाहरणादाखल रिअ‍ॅक्टरची, म्हणजे ज्यात रसायनांची प्रक्रिया होते त्या बंद टाकीची, आतून सफाई घ्या. आधी त्याला येणाऱ्या सगळ्या नळ्या ब्लाइंड, म्हणजे नळी बंद करणारी धातूची चकती, टाकून टाकीपासून तोडाव्या लागतात, नुसती झडप बंद करून चालत नाही, कारण झडप गळते. स्टररच्या, म्हणजे आतल्या ढवळणीच्या, मोटरचा वीजपुरवठा काढून त्यावर कुलूप आणि टॅग लावावा लागतो. मग हवा खेळवायची, मग चार वायू मोजणाऱ्या यंत्राने वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी तपासणी करायची, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो आणि मॅनहोलच्या तोंडाशी घेतलेले माप खोटा दिलासा देते. प्राणवायू १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये. आत नेण्याचा हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा चालत नाही, हे कारखाने अधिनियमाच्या कलम ३६अ मध्येच होते. आणि बाहेर मॅनहोलपाशी एक माणूस शेवटपर्यंत उभा, ज्याचे काम फक्त आतल्याशी बोलत राहणे आणि काही झाले तर स्वतः आत न उडी मारता मदत बोलावणे. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत आतला माणूस कोणतीही चाहूल न लागता दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला पाहून बाहेरचा सहकारी धावत आत शिरतो आणि तोही तेथेच पडतो. गटारात आणि टाक्यांत एकापाठोपाठ दोन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे बहुधा हीच साखळी असते. हे सगळे एखादा शिक्षक खडूने फळ्यावर टाकी काढून, प्रत्येक पायरीला ‘का?’ विचारत शिकवत असेल तर तेथे प्रवेश घ्या. तो फक्त व्याख्या लिहून देत असेल तर उठून या.

दुसरी पारख आकडेमोडीची. अपघात वारंवारता दर कसा काढतात, हे विद्यार्थ्याला उदाहरण सोडवून कळले पाहिजे. समजा ४०० कामगार रोज ८ तास, वर्षात ३०० दिवस काम करतात. म्हणजे ९,६०,००० मनुष्यतास झाले. वर्षात कामाचे दिवस बुडवणारे ३ अपघात झाले, तर आयएस ३७८६ या भारतीय मानकाच्या पद्धतीने तीनाला दहा लाखांनी गुणून मनुष्यतासांनी भागले की दर सुमारे ३.१ येतो. अमेरिकी पद्धतीत दहा लाखांऐवजी दोन लाख तास धरतात, त्यामुळे त्याच कारखान्याचा दर तेथे ०.६ दिसतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून ‘आमचा दर कमी’ असे म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे ज्याला येथे कळले त्याने अर्धा विषय जिंकला.

बावीस वर्षांच्या पदविकाधारकाचा आराखडा

यांत्रिकी पदविका झालेल्या मुलाला मी असा सल्ला देतो. पहिली नोकरी रसायन किंवा अभियांत्रिकी कारखान्याच्या देखभाल विभागात घ्यावी, पगार थोडा कमी असला तरी चालेल, पण परमिट पद्धत चालू असलेला कारखाना असावा. पहिल्या वर्षी कारखान्यातील सुरक्षा समितीत कामगार प्रतिनिधी किंवा निरीक्षक म्हणून बसू देण्याची विनंती करावी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाळीची जबाबदारी मागून घ्यावी आणि तशी नेमणूक लेखी घ्यावी, कारण पर्यवेक्षकीय अनुभवाची मोजणी त्या पत्राच्या तारखेपासून सुरू होते. त्यापुढच्या पाच वर्षांत कधीतरी एडीआयएस पूर्ण करावे. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तकात वाचून, शक्यतो नोकरी न सोडता. या काळात ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला कारखान्यात जे कार्यक्रम होतात त्यांत शपथ घेऊन न थांबता एखाद्या घडता घडता थोडक्यात टळलेल्या अपघाताची मांडणी सहकाऱ्यांसमोर करून पाहावी. बोलण्याची सवय तेथेच लागते.

आणि पहिल्या दिवसापासून एक पातळ फाइल ठेवावी: नेमणूकपत्रे, बढतीची पत्रे, पाळीचे आदेश, समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, प्रशिक्षणाचे दाखले, सगळे तारखेप्रमाणे. सुरक्षा अधिकाऱ्याच्या नेमणुकीची कागदपत्रे डिशकडे जातात तेव्हा तेथील निरीक्षक प्रमाणपत्राच्या सोनेरी कडेकडे पाहत नाही. तो पर्यवेक्षकीय अनुभवाच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेखाली पेन्सिलने रेघ ओढतो आणि मधले महिने मोजतो.